नमुना अपुरा आहे

नाशकात तीसेक वर्षं मी पॅथॉलॉजी केली. गाठी, अपेंडिक्स, गर्भाशयं, क्वचित कधी फुप्फुसाचा तुकडा. पेशंटचं तोंड बघायची आमच्यावर सहसा वेळ येत नाही. बाटलीवरचं नाव, वय आणि आत जे काही तरंगत असेल ते, एवढीच ओळख. निवृत्तीनंतर धाकट्या भावाची दोन्ही फुप्फुसं बदलावी लागली आणि मी पहिल्यांदाच त्या बाटलीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पुण्याच्या रुग्णालयात माझं अधिकृत पद ‘पेशंटची बहीण’ एवढंच होतं. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. प्रत्यारोपणाच्या स्लाइड्स मी आयुष्यात कधी वाचल्या नव्हत्या, पण मतं मात्र भरपूर होती. त्यातली बरीचशी आता झडली आहेत. काही उरली, काही नवी फुटली. ती जशी सुचतील तशी लिहिते.

१. फुप्फुस हा उघड्यावर राहणारा अवयव आहे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. त्याचा अर्थ मला भावामुळे कळला. मूत्रपिंड, हृदय ही मंडळी आत, बंद दाराआड असतात. फुप्फुस मात्र प्रत्येक श्वासाला धूळ, बुरशी, विषाणू यांच्या समोर असतं. त्यामुळे शरीराचा पहाराही तिथे कायम जागा, आणि परक्याचं फुप्फुस त्या पहाऱ्याच्या नजरेत लगेच भरतं. जगभरच्या नोंदी सांगतात, की फुप्फुस बदललेल्या प्रौढांपैकी चारांत एकाहून जास्त लोकांना पहिल्याच वर्षात रिजेक्शनसाठी, म्हणजे शरीराने नव्या फुप्फुसाला दिलेल्या नकारासाठी, उपचार घ्यावे लागतात.

माझं शिक्षण मुंबईच्या केईएमचं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथे हृदय बदललं होतं, ती गोष्ट आमच्या वेळीही तिथल्या गप्पांत अभिमानाने निघायची. पेशंट काही तासच जगला, हे मात्र हळू आवाजात सांगितलं जायचं. त्या काळात जगात सगळीकडे सर्जनचे हात तयार होते, शरीराचा नकार थोपवणारी चांगली औषधं नव्हती. सायक्लोस्पोरिन आलं, आणि १९८३ मध्ये टोरांटोत हृदयाशिवाय बदललेलं नुसतं फुप्फुस पहिल्यांदा वर्षानुवर्षं टिकलं. भावाला त्याच कामाचं टॅक्रोलिमस चालू आहे. सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून.

या सगळ्यात मला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. नव्या फुप्फुसाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे आत काही बिघडलं तरी ते दुखत नाही, खोकलासुद्धा धड येत नाही. ज्या आठवड्यात भाऊ ‘एकदम फर्स्ट क्लास’ म्हणत होता, त्याच आठवड्यात त्याच्या फुप्फुसात नकोत्या पेशी गोळा होत होत्या. म्हणून रोज सकाळी एका छोट्या यंत्रात जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा लिहायचा, आणि तो दहा टक्क्यांनी घसरला की पुण्याला फोन करायचा. हे आकडे तो द्राक्षबागेच्या फवारणीच्या वहीतच लिहितो. एका बाजूला औषधाचं नाव आणि पंपाचं प्रमाण, दुसऱ्या बाजूला स्वतःचा श्वास.

२. बायोप्सीचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा म्हणजे किती, हे मायक्रोस्कोपखाली कळत नाही. तिथे सगळंच भरपूर दिसतं. मला ते ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीत कळलं. डॉक्टरांनी माझ्या पांढऱ्या केसांच्या भिडेखातर मला कोपऱ्यात उभं राहू दिलं, अंगावर शिशाचा एप्रन चढवून. भावाच्या घशात लिग्नोकेनचे फवारे मारले, झोपेचं औषध दिलं आणि नळी नाकातून आत गेली. पडद्यावर श्वासनलिका, मग तिचा फाटा, आणि त्याच्या थोडं पुढे निळ्या टाक्यांची एक गोल रेघ. रेघेच्या अलीकडे माझा भाऊ, पलीकडे कुणीतरी दुसरं. मी एवढ्या वर्षांत कितीतरी अवयव कापून पाहिले, पण त्या रेघेपाशी मला एकदम खुर्ची शोधावीशी वाटली.

पुढे फोर्सेप्सचा चिमटा इतक्या लांब गेला, की कॅमेऱ्याला दिसेना. मग एक्स-रेचा पडदा. चिमटा उघडला, किंचित पुढे सरकला, मिटला, मागे आला. मागे येताना फुप्फुसाची सावली जराशी ओढली गेली. सिस्टरने सुईच्या टोकाने तो कण अलगद उचलून फॉर्मॅलिनमध्ये सोडला आणि बाटली हळूच हलवली, म्हणजे दबलेले वायुकोश उघडतात. बाटली कशी हलवायची, हे मी माझ्या टेक्निशियनना ओरडून ओरडून शिकवलं होतं. त्या क्षणी मी तोंड उघडणार होते. डॉक्टरांनी न बघताच ‘मॅडम’ म्हटलं, आणि मी ते मिटलं.

ही पद्धत प्रत्यारोपणात रुळवली ती इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयाने. टिम हिगेनबॉटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं, की हृदय आणि फुप्फुस बदललेल्या पेशंटमध्ये रिजेक्शन ओळखायला हे चिमट्याने घेतलेले कण पुरतात, त्यासाठी छाती उघडायची गरज नाही. एवढ्याशा कणांवर एवढा भरवसा ठेवायचं धाडस त्या लोकांनी केलं, म्हणून माझा भाऊ त्याच संध्याकाळी वरण-भात खाऊ शकला.

३. पाच हा आकडा कुठून येतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे, की रिजेक्शन आहे की नाही हे सांगायला नीट फुललेले वायुकोश असलेले किमान पाच तुकडे हवेत. चिमट्यात कधी श्वासनलिकेची भिंत येते, कधी नुसतं रक्त, म्हणून पाच मिळवायला त्याहून बरेच जास्त घ्यावे लागतात. मी भावाला हे मोठ्या थाटात समजावून सांगत होते, तर तो म्हणाला, “ताई, यात नवीन काय? रेसिड्यूचा नमुना घ्यायला लॅबचा माणूस येतो, तो एका वेलीवरचे घड तोडून चालू पडतो का? बागभर फिरतो. या ओळीतला एक, त्या ओळीतला एक, बांधाकडचा, मधला. तरी एखादी ओळ राहतेच.”

रिजेक्शन फुप्फुसभर सारखं पसरत नाही, ठिगळाठिगळाने येतं, हे मी त्याला सांगायच्या आतच त्याने मला सांगून टाकलं. वर पुढे म्हणाला, “आणि २०१० आठवतंय ना?” ते साल दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही बागाईतदाराला विसरता येणार नाही. निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने घेतले होते, तपासलेही होते. पण युरोपने क्लोरमेक्वाट नावाच्या ज्या वाढ रोखणाऱ्या औषधावर बोट ठेवलं, त्याची चाचणी आपल्या यादीतच नव्हती. कंटेनर तिकडे अडकले. मी गप्प झाले, कारण फुप्फुसातही हेच आहे. पेशींनी होणारं रिजेक्शन साध्या रंगात दिसतं. अँटिबॉडींमुळे होणारं त्याने हाती लागत नाही. त्यासाठी रक्तात त्या विशिष्ट अँटिबॉडी शोधाव्या लागतात, स्लाइडवर सीफोरडी नावाचा वेगळा रंग करावा लागतो, आणि एवढं करूनही बोट ठेवून सांगता येईलच असं नाही.

४. ‘नमुना अपुरा आहे, पुन्हा पाठवावा’ या एका ओळीमागे किती माणसं हलतात, हे मला माझ्या खुर्चीतून दिसायचं नाही. माझ्या लॅबच्या कॉम्प्युटरवर त्या ओळीला एक बटण होतं. भावाच्या एका रिपोर्टवर ती ओळ आली, तेव्हा त्या बटणाची पूर्ण लांबी मोजता आली. आदल्या रात्रीपासून उपाशी. भावजय पहाटे उठलेली. गाडी सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत चाकणला पोचते आणि तिथे कंपन्यांच्या बसगाड्यांत अडकते. मास्क काढायचा नाही. सकाळची टॅक्रोलिमसची गोळी रक्त दिल्याशिवाय घ्यायची नाही, म्हणून ती डबीत तशीच. मग ती नळी, ती भूल, नंतर फुप्फुसाबाहेर हवा साचली नाही ना हे पाहायला एक्स-रे. चिमट्याच्या बायोप्सीत हे शंभरांत थोड्याच जणांना होतं, पण त्या थोड्यांत आपण नाही हे एक्स-रे येईपर्यंत कुणाला माहीत असतं? बिल भरायचं, मुक्काम करायचा. आणि हे सगळं झाल्यावर कळतं, की तुकड्यांत वायुकोश पुरेसे नाहीत. भावजय मला विचारत होती, “म्हणजे चांगलं का वाईट?”

मी आजही ती ओळ लिहीन. जे दिसलंच नाही ते दिसलं म्हणून ठोकून द्यायचं, याहून वाईट रिपोर्ट नाही. फक्त आता ती टाइप करायच्या आधी मी फोन उचलीन.

५. मोठा तुकडा म्हणजे चांगला तुकडा, ही आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांची हाव आहे, आणि ती फार निरागस असते, कारण रक्त आम्हाला पुसावं लागत नाही. फोर्सेप्सने काही निष्पन्न होईना आणि वहीतले आकडे तर घसरत चाललेले, तेव्हा क्रायोबायोप्सीचा विषय निघाला. मी मनातून खूश झाले. फोर्सेप्सचा तुकडा चिमटीत दबतो. पेशी चिरडून त्यांच्या निळ्या रेघोट्या होतात, आणि त्या रेघोट्यांत लिम्फोसाइट शोधत बसायचं, हा आमच्या व्यवसायातला जुना वैताग आहे. क्रायोत हे दबणंच नाही.

पद्धत अशी. या वेळी ऑपरेशन थिएटर, पूर्ण भूल, घशात नळी. क्रायोची सळई दीड-दोन मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाशी दाबाखालचा वायू एकदम पसरतो आणि टोक उणे ७५ अंशांच्या आसपास जातं. ते फुप्फुसाच्या कडेजवळ नेतात, काही सेकंद गोठवतात. शेजारचं ऊतक टोकाला चिकटतं, आणि मग झटक्यात ओढतात. तुकडा एवढा असतो, की तो ब्रॉन्कोस्कोपच्या वाटेतून निघत नाही. म्हणून सळई, तुकडा आणि ब्रॉन्कोस्कोप, सगळंच एकदम बाहेर काढायचं. म्हणजे जिथे आत्ता जखम केली, तिथलं काही वेळ कुणालाच काही दिसत नाही. रक्त शेजारच्या भागात जाऊ नये म्हणून आधीच तिथे एक फुगा ठेवलेला असतो, तो फुगवतात आणि नळी पुन्हा आत जाते.

तुकडा कोमट सलाइनमध्ये सुटला, तेव्हा मी जवळ जाऊन पाहिला. पाच-सहा मिलिमीटर असेल. फिकट गुलाबी, कडा स्पष्ट. मी चक्क “वा!” म्हणाले. डॉक्टर तेव्हा फुग्याकडे आणि रक्ताकडे बघत होते. पाझर बराच वेळ चालला, मग थांबला. बाहेर आल्यावर हात धूत ते मला म्हणाले, “मॅडम, तुम्हाला तुकडा दिसतो, मला खड्डा दिसतो.”

हे वाक्य मला माझ्या रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

तुलना करायचीच, तर ती वाटते तेवढी सरळ नाही. २०१३ मध्ये इस्रायलमधल्या एका गटाने आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी फुप्फुस बदललेल्या पेशंटमध्ये क्रायो करून पाहिली. तुकडे मोठे, चिरडल्याच्या खुणा कमी, असा दोघांचाही अनुभव. पण आजार ठिगळाठिगळाने असेल, तर एका जागेचे मोठे तुकडे बरे की दहा जागांचे बारीक? या प्रश्नावर मी आणि ते डॉक्टर कँटीनच्या कटिंगवर बरंच भांडलो. रक्तस्राव आणि हवा साचणं यांची धास्ती क्रायोत जास्त, भूल मोठी, खर्च मोठा, आणि करणारा हात सराईत लागतो. आता जेमतेम एक मिलिमीटरची नवी सळई आली आहे. तिचा तुकडा ब्रॉन्कोस्कोप न काढता बाहेर घेता येतो, म्हणजे तो आंधळा वेळ टळतो. तरी आजही बहुतेक ठिकाणी पहिला मान फोर्सेप्सचाच आहे, आणि माझ्या हावेला न विचारता सांगते, तो मान रास्त आहे. क्रायो हातात असावी, उठसूट वापरू नये.

६. दोन पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडकडे बघून वेगवेगळं बोलतात, हे मला माहीत होतं. ती स्लाइड घरच्या माणसाची असली की ते ऐकवत नाही. पुण्यातली पॅथॉलॉजिस्ट माझ्या निम्म्या वयाची, शांत मुलगी. तिने मला जोडमायक्रोस्कोपवर शेजारी बसवून घेतलं. एका बारीक शिरेभोवती लिम्फोसाइटचं कडं होतं, दोन-तीन थरांचं. रिजेक्शनची प्रतवारी ए-शून्य ते ए-चार अशी असते. १९९० मध्ये ठरली, १९९६ आणि २००७ मध्ये सुधारली. कडी तुरळक आणि जवळून पाहिल्यावरच दिसणारी असतील तर ए-एक. कमी पॉवरवरच नजरेत भरली तर ए-दोन. आसपासच्या वायुकोशांच्या भिंतीत पेशी शिरल्या की ए-तीन. ती म्हणाली ए-एक. मी लेन्स फिरवून कमी पॉवरवर आणली, मान तिरकी केली आणि म्हटलं, मला दिसतंय की. ती हसली. “मॅम, कुठे बघायचं ते आता तुम्हाला माहीत आहे ना.”

हा वाद हौसेचा नव्हता. ए-एक असेल आणि पेशंट बरा असेल, तर पुष्कळ ठिकाणी नुसती नजर ठेवतात. ए-दोनला सहसा शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस, तीन दिवस. भावाला त्या तीन दिवसांची धास्ती आहे. साखर चढते, झोप उडते आणि तो बायकोवर खेकसतो. एवढं सगळं अवलंबून कशावर, तर ते कडं कमी पॉवरवर मला दिसतं आणि तिला दिसत नाही यावर.

नंतर मी लार्गो नावाच्या अभ्यासाचा २०११ मधला निबंध वाचला. दीड हजारांहून जास्त बायोप्सी, रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टने एकदा वाचलेल्या, तज्ज्ञांच्या मंडळाने पुन्हा वाचलेल्या. दोघांचं जमलं किती? फार थोडं. आधी मला व्यवसायाच्या वतीने राग आला. मग, खरं सांगू, हायसं वाटलं. त्या मुलीशी वाद घालणारी मी एकटी आगाऊ नव्हते.

७. रिजेक्शन आणि संसर्ग एकमेकांचे कपडे घालून हिंडतात. सायटोमेगॅलो विषाणूने फुप्फुस सुजलं, तरी शिरांभोवती अशीच कडी दिसू शकतात. आणि उपचार नेमके उलटे. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, संसर्ग असेल तर ती सैल सोडायची. एका बाजूला चुकलं की दुसरी बाजू उसळते. म्हणून बायोप्सीच्या वेळीच फुप्फुसाच्या एका कप्प्यात सलाइन सोडून, ते परत ओढून, त्यात जंतू, बुरशी, विषाणू शोधतात, आपल्याकडे टीबीही. तो रिपोर्ट हातात असल्याशिवाय रिजेक्शनची प्रत लावायची नसते. भावाच्या वेळी ते धुवण स्वच्छ निघालं, पण त्यातल्या काही तपासण्यांना वेळ लागतो, आणि त्या मधल्या दिवसांत आमच्या घरात कुणीच कुणाशी धड बोलत नव्हतं.

सध्या नाशकात सिंहस्थाच्या तयारीने रस्ते जागोजागी उकरले आहेत. बाकीचे लोक खड्ड्यांबद्दल तक्रार करतात. आम्ही धुळीबद्दल करतो, कारण उकरलेल्या मातीत ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. भाऊ एन-९५ लावून गाडीत काचा वर करून बसतो.

८. शस्त्रक्रियेने घेतलेला तुकडा सगळ्यात उत्तम, यात वाद नाही. दुर्बिणीने छातीत शिरून दोन-तीन सेंटिमीटरची पाचर कापून आणतात, वाचणाऱ्याची चैन. तिचा विषय आमच्याकडे एकदाच निघाला आणि पाच मिनिटांत मिटला. आधीच एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या छातीत पुन्हा शिरायचं, ते बाकी सगळे रस्ते बंद झाल्यावरच. मी काही बोलले नाही, याची घरी अजून आठवण काढतात.

९. रक्ताच्या एका नळीत माझा सगळा व्यवसाय मावेल की काय, ही भीती मला निवृत्तीनंतर वाटावी, यात थोडा विनोद आहे. दात्याच्या फुप्फुसातल्या पेशी मरतात, तेव्हा त्यांचे डीएनएचे तुटके धागे पेशंटच्या रक्तात उतरतात. ते मोजता येतात. प्रमाण वाढलं, म्हणजे फुप्फुसाला इजा होते आहे. बाहेरच्या देशांतल्या काही केंद्रांनी ही तपासणी पाळतीसाठी वापरायला सुरुवात केली आहे. माझा भाचा कॉम्प्युटरवाला; तो म्हणाला, “मावशी, आता तुमचे चिमटे म्युझियममध्ये.”

मी त्याला सांगितलं, की इजा आहे एवढं हे रक्त सांगतं. ती नकाराने झाली की जंतूने, हे सांगत नाही. त्यासाठी अजून तुकडाच बघावा लागतो. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. मी ते जरा जास्तच जोरात सांगितलं, हेही खरं आहे.

१०. ज्याचं फुप्फुस, त्याचे प्रश्न निराळे असतात. भावाचा मूळ आजार कबुतरांचा. शेतावरच्या जुन्या घराच्या माळ्यावर पारव्यांची वस्ती होती, आणि त्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जाऊन फुप्फुस आतून राठ झालं. भारतात अशा राठ फुप्फुसांच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं निदान हेच होतं, बाहेरच्या धुळीची ॲलर्जी, पक्षी आणि एअर कूलर यांच्यासकट. मी डॉक्टर, घरातली थोरली, आणि सुट्टीत त्याच माळ्याखाली गादी टाकून झोपायचे.

ए-एक की ए-दोन, हे त्याने मला एकदाही विचारलेलं नाही. त्याने विचारलं, “ऑक्टोबरच्या छाटणीला बागेत जाता येईल का?” पुण्याच्या डॉक्टरांनी बागेची माती, ओला पाला, फवारणी सगळं बंद सांगितलं. मग मधला मार्ग निघाला. तो बांधावर गाडीत बसतो आणि मजुरांना फोनवरून काडी कुठे कापायची ते सांगतो. पपनसाचं एक झाड विहिरीवर आहे, त्याचं फळ आता घरात येत नाही, कारण ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं. द्राक्षं चालतात, पण ती धुवून, सोलून देणं हे काम भावजयीने माझ्याकडे लावलं आहे. बहुधा मला कामात ठेवायला.

११. पेशंट बरा असताना बायोप्सी करावी की नाही, यावर शहाण्यांचं अजून एकमत नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं नाही. काही केंद्रं वेळापत्रक लावतात: पहिला महिना, तिसरा, सहावा, बारावा, त्रास असो वा नसो. काही म्हणतात, फुंकणीचा आकडा घसरला तरच. पहिल्यांचं म्हणणं, लपलेलं रिजेक्शन लवकर सापडतं. ते वारंवार झालं, की पुढे बारीक श्वासनलिका कायमच्या आवळत जातात, आकडा वीस टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घसरतो आणि मग परत येत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, ठणठणीत माणसाला दर वेळी रक्तस्रावाच्या आणि छातीत हवा साचायच्या धोक्यात का घालायचं, त्यातून लांबचा फायदा नक्की सिद्ध झालेला नसताना? एरवी मी आयुष्यभर पहिल्या पक्षात राहिले असते. तुकडा आला की बघायचा, हे अंगात भिनलेलं.

पहिल्या वर्षानंतरची बायोप्सी करायची की वहीतल्या आकड्यांवर थांबायचं, हे भावाने डॉक्टरांसमोर स्वतः ठरवायचं होतं. दोन्ही बाजू त्यांनी मोकळेपणाने मांडल्या. मी भावाला फोर्सेप्स आणि क्रायोचा एक तक्ता करून दिला होता, लाल आणि हिरव्या शाईत. त्याने तो खिशातून काढलाच नाही. तो डॉक्टरांना म्हणाला, “आकडा दोन आठवडे सरळ आहे. थांबू या. घसरला तर तुम्ही म्हणाल ते करू, चिमटा म्हणा, नाहीतर गोठवा.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, तू बाहेर जाऊन चहाचं बघ.”